आधी हात, मग पाय

३ मार्च, सोमवार

सही करणार नाही. नाही म्हणजे नाही!

साहेबांनी कागद पुढे सरकवला, वर पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं. केवढी ती काळजी! कागदावर चारच ओळी. लिफ्टच्या टपावर उतरण्याआधी मी लाल बटण दाबलं नाही, म्हणून लिफ्ट हलली, म्हणून माझा घोटा मोडला, म्हणून चूक माझी. खाली माझं नाव टाइप करून तयार. सही केली की गोदामात खुर्चीवरचं काम, थेट निवृत्तीपर्यंत.

"विषय मिटवून टाका बाई," म्हणाले.

अठ्ठावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतेय मी. ते लाल बटण दाबलं की लिफ्ट मेली. खालून कुणी कितीही बोलावलं तरी हलत नाही. दार उघडायचं, वाकून आत हात घालायचा, बटण दाबायचं आणि मगच टपावर पाय. मला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी डोक्यात ठोकलं होतं — आधी हात, मग पाय. दुसऱ्याने दाबलंय म्हणून सांगितलं तरी आपला हात लावल्याशिवाय पाय नाही. आणि हे मी विसरले म्हणे!

खरं काय ते मला आठवत नाही, हीच तर बोंब आहे. दाराला किल्ली लावली एवढं आठवतं. पुढचं एकदम रुग्णवाहिकेचं छत. त्या दिवशी जोडीला उस्तादच होते; त्यांनी जबाब दिलाय की ते पिशवीत पाना शोधत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना तरी काय बोलणार? त्यांनीच मला ओढून बाहेर काढलं. नाहीतर आज घोट्याऐवजी मीच गेले असते.

अठरा एप्रिलला अपघाताची सुनावणी. सही करायला तोवर मुदत.

७ मार्च, शुक्रवार

नवी भानगड. घोटा जुळलाय, पण कामावर परत यायचं तर दवाखान्याचा दाखला हवा — घोट्याचा नव्हे, डोक्याचा! कारण गेल्या महिन्यात मी ऑफिसच्या लिफ्टचं दार उघडून उभी राहिले आणि तशीच राहिले. वीस मिनिटं. घाम, थरथर, पाय जमिनीला खिळलेले. सगळ्या मजल्यांनी पाहिलं. तेव्हापासून लिफ्टवाली बाई पाच मजले जिने चढून घरी जाते. शेजारपाजारच्यांची करमणूक!

कन्या म्हणाली, "आई, दाखला मिळेल तिथे जा, नाक मुरडू नकोस." हिला नाक माझ्याकडूनच मिळालंय, तेव्हा तिने बोलू नये.

१० मार्च, सोमवार

दवाखान्यात माझ्या वाट्याला आलेली समुपदेशक माझ्या कन्येहून फार तर चार वर्षांनी मोठी. जाड काचांचा चष्मा. मी मनात नाव ठेवलं, चष्मेवाली. पण खरा चष्मा तिने मला घातला! डोळ्यांवर डबा, मागे पट्टा, दोन्ही हातांत दांडके. म्हणाली, "हे खेळायचं नाहीये काकू, उपचार आहे."

डब्यात उंच इमारतींच्या मधे एक फळी. खाली रस्ता, मुंगीएवढ्या गाड्या. फळीवरून चालायचं. मी गेले, परत आले, मध्यावर थांबून खालीही डोकावले.

"भीती नाही वाटली?"

"उंचीची भीती कुणी सांगितली तुम्हाला? मला शाफ्टची भीती आहे. लिफ्टचा तो अंधारा उभा बोगदा. असेल तर दाखवा."

नव्हता. माझी तक्रार लिहून घेतली. बरी आहे पोरगी, वाद घालत नाही.

बाहेर थांबले तेव्हा पाहिलं — हे डबे किती जणांच्या डोक्यावर! एक आजोबा, डावा हात लुळा, समोर काहीच नसताना हवेतले कप उचलून हवेतल्या फळीवर मांडत होते. एक कप सुटला तर खरोखरची शिवी! त्यांची सून म्हणाली, आठ आठवड्यांपूर्वी बोटसुद्धा हलत नव्हतं. आणि आतल्या खोलीत एक भाजलेली बाई. तिची पट्टी बदलताना डबा घालून तिला बर्फात नेतात म्हणे. पट्टी संपेपर्यंत ती बर्फाचे गोळे फेकत असते. मी खेळणं समजत होते. आता तोंड बंद.

१७ मार्च, सोमवार

मी कागदावर शाफ्ट काढून दिला होता, मापांसकट. चष्मेवालीच्या कुणा ओळखीच्याने तो डब्यात उभा केला. काय शाफ्ट! तेलाचा एक डाग नाही, भिंती पांढऱ्या, दोर जहाजाला बांधावेत एवढे जाड. तरी दार उघडलं आणि छातीत धस्स झालं. खोटं असून धस्स झालं.

"आता टपावर उतरा," चष्मेवालीचा आवाज.

"नाही उतरणार."

"घाई नाही. श्वास घ्या. मग उतरा."

"मेले तरी नाही!"

डबा काढला तर ही लिहितेय — भीतीमुळे टाळाटाळ. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "बाई गं, तुझ्या लिफ्टच्या टपावर बटणच नाही! चालू लिफ्टवर कोण पाय ठेवेल?"

"म्हणजे तुम्ही भ्याला नव्हतात?"

"भ्याले होते. भ्याले म्हणून नाही थांबले, बटण नाही म्हणून थांबले. भीती वेगळी, अक्कल वेगळी!"

मग तिने यंत्राची नोंद पडद्यावर लावली. हातातल्या दांडक्यांमुळे हात कुठे गेला ते सगळं टिपलं जातं, पायाला बांधलेल्या पट्ट्यामुळे पाय. आणि काय दिसावं? दार उघडल्याबरोबर माझा उजवा हात खाली गेला होता. नेमका जिथे बटण असतं तिथे. हवेत चाचपत होता, एकदा नाही, तीनदा! मला पत्ताही नव्हता.

चष्मेवालीने टाळाटाळ खोडलं. वर लिहिलं — रुग्णाचं बरोबर.

मी तिथल्या तिथे विचारलं, "या नोंदीचा छापील कागद मिळतो?"

मिळतो! प्रत्येक वेळी आधी काय हललं — हात की पाय — एकेका ओळीत.

आता या साहेब, तुमच्या चार ओळी घेऊन!

२६ मार्च, बुधवार

बटण आलं. लाल, आणि माझ्या सांगण्यावरून कडा थोडी झिजलेली. भिंती काळ्या झाल्या, दोर बारीक झाले. आता तक्रारीला जागा नाही, तर मला दरदरून घाम! हात गेला, बटण दाबलं, पाय मात्र हलेना. चौदा वेळा तेच. शेवटी रडले. डब्याच्या आत रडणं भलतंच गैरसोयीचं, डोळे पुसता येत नाहीत.

तरी चौदाच्या चौदा ओळी — हात.

२ एप्रिल, बुधवार

उतरले!! एका पायाने, दोन सेकंद. मग मागे उडी. पण उतरले.

हवेतले कप मांडणाऱ्या आजोबांनी उजवा हात लुळ्या डाव्या हातावर आपटून टाळी वाजवली.

६ एप्रिल, रविवार

उस्ताद आले होते, दर रविवारसारखे, फळं घेऊन. पुढच्या वर्षी त्यांची निवृत्ती. थकलेत. माझ्या घोट्याकडे बघत नाहीत, बघितलं तर पटकन खिडकीकडे वळतात. मऊ माणूस. मी सगळं सांगितलं — डबा, शाफ्ट, कागद, एकोणचाळीस ओळी हात. मला वाटलं खूश होतील. शिकवण त्यांचीच ना!

म्हणाले, "कशाला एवढा खटाटोप? झालं ते झालं. सही करून टाक. खुर्चीवर बसून आरामात दिवस जातील."

"तुम्हीसुद्धा?"

"तुझ्या भल्यासाठी म्हणतोय, पोरी."

वाईट वाटलं. आणखी कुणी म्हटलं असतं तर दाराबाहेर काढलं असतं. उस्तादांना चहा दिला. त्यांना साहेबांच्या पुढे उभं राहायचा कंटाळा आलाय, दुसरं काय. पण मी त्यांच्यासारखी मऊ नाही. मी लिंबाएवढी असले तरी दात आंबवीन!

११ एप्रिल, शुक्रवार

आता सरळ उतरते, दोन्ही पायांनी, टपावर वाकून दोर तपासते, गुणगुणते. खऱ्या लिफ्टचंही आज जमलं — घरच्या. जिन्याने नाही, लिफ्टने पाचवा मजला! कन्येने दारातच मिठी मारली, मग म्हणाली, "चला, आता वाण्याकडून पिशव्या आणायला तू."

चष्मेवाली म्हणते, शेवटची चाचणी बुधवारी. कामावर असतं तसंच सगळं हवं, म्हणजे सोबतीला जोडीदारही. कुणीतरी बाजूला उभं राहून हाका द्यायच्या, नेहमीसारख्या.

जोडीदार म्हणजे एकच माणूस. उस्तादांना फोन केला. "त्या खेळण्यात मी काय करू?" म्हणून कां-कू केलं. मी म्हटलं, तुमच्यासमोर पास व्हायचंय मला. मग म्हणाले, "येतो."

१६ एप्रिल, बुधवार

पास! पास! पास!

दाखला हातात आहे. उंचावर व शाफ्टमध्ये काम करण्यास योग्य. शिक्का, सही, तारीख. शिक्का दोनदा उमटलाय, असू दे, डबल योग्य!

उस्ताद वेळेआधी येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. चष्मेवालीने त्यांना माझ्या डाव्या बाजूला उभं केलं. म्हणाली, "काका, कामावर जसं बोलता तसंच बोला." मी डबा चढवला. दार उघडलं, अंधार, दोर, तेलाचे डाग. शेजारून उस्तादांचा तोच खरखरीत आवाज — "ये, दाबलंय." आणि मी गेले! छातीत धडधड नाही, घाम नाही. अठ्ठावीस वर्षं ज्या आवाजामागून गेले त्या आवाजामागून गेले.

चष्मेवाली टाळ्या पिटत होती. "काकू, आजचं उतरणं सगळ्यात सफाईदार! अजिबात अडखळला नाहीत!"

डबा काढला तर उस्ताद भिंतीला टेकलेले, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, अहो, पास मी झाले, भोवळ तुम्हाला? हसले नाहीत. चहाला थांबले नाहीत, बसची वेळ झाली म्हणाले. हळवे झाले असणार. मीही झाले.

कागद परवा साहेबांच्या टेबलावर आपटणार. चौसष्ट ओळी! चार ओळींना चौसष्ट ओळींचं उत्तर. वाचायची गरजच नाही, पाठ आहेत मला.

१७ एप्रिल, गुरुवार

पाकिटात घालताना वाचला कागद. त्रेसष्ट ओळी हात. चौसष्टावी, कालची — पाय.

उस्ताद म्हणाले, "ये, दाबलंय," आणि माझा हात हललाच नाही.

त्या दिवशीही हेच म्हणाले होते. आठवलं. वाकले तेच होते, "ये, दाबलंय" म्हणाले तेच. आणि पिशवीत पाना कुठून शोधतील? पिशवी माझ्या खांद्यावर होती.

म्हणजे साहेबांचा कागद खरा. बटण मी दाबलं नव्हतं. उद्या हेही सांगणार आणि उस्तादांनी न दाबताच "दाबलंय" म्हटलं तेही. चौसष्टच्या चौसष्ट ओळी नेणार, एकही खोडणार नाही.

आत्ता उस्तादांच्या घरी निघालेय. उद्या मी काय सांगणार ते त्यांना आधी माझ्या तोंडून कळू दे.