बोहल्यापाशी आईची जागा

तीर्थस्वरूप उमाशंकरकाकांस, साष्टांग नमस्कार.

धारहून भटजी म्हणून येऊन तुम्ही आणि पीथमपूरचे फादर मिळून माझं आणि जोएलचं लग्न लावणार, म्हणून इथे देवासला सगळ्यांना भांडणाची धास्ती होती. पण काल चहावर तुमचं दोघांचं छानच जमलं. आधी त्यांची प्रार्थना, मग तुमची मंगलाष्टकं. मग फादरांनी विचारलं, मुलीला वेदीपर्यंत कोण आणणार? मी म्हटलं, आई. तुम्ही लगेच, "विधवा हैं, शुभ काम में आगे नहीं आतीं. मैं ले आऊँगा." फादर म्हणाले, "जी, जैसा आपके यहाँ चलता हो."

दोन धर्मांचं एकमत झालं, ते माझ्या आईला मागे बसवण्यावर! बाबा गेल्यावर शिकवण्या घेऊन मला वाढवताना ती कुणाच्या मागे बसली नव्हती.

चहाचा ट्रे घेऊन ती दारातच उभी होती, काका. सगळं ऐकलं तिने. तरी म्हणते, मोठ्यांना असं लिहू नये. म्हणून हे पत्र पाठवत नाही. मात्र मांडवात मी तिचाच हात धरून येईन, आणि अंतरपाटाचं एक टोक तीच धरेल. तुमचं एवढं जमतंय, तर दुसरं टोक कोणी धरायचं तेवढं दोघं मिळून ठरवा.

तुमच्या थोरल्या वहिनीची मुलगी,
इरावती