माझ्या खुराड्याचे अनुदान

लिहून ठेवणार: गोजराबाई लहानू तिडके, वय एकाहत्तर, धंदा फुलशेती व फुलविक्री, राहणार नाशिक.

मी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून आणि कोणीही हात न धरता लिहीत आहे. डॉक्टरांनी सकाळी नाडी पाहून "आजी, तुम्हाला इतक्यात काही होत नाही," असा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. तेव्हा हे मरणाच्या धास्तीने नव्हे, वाटप करताना आपण हजर असावे या हौसेने लिहिते. यापूर्वीचे मृत्युपत्र रागात केले होते. ते रद्द समजावे.

कलम १. माझे दोन खोल्यांचे घर व मागचा मोगरा-शेवंतीचा मळा माझी मुलगी चांगुणा हिला द्यावा. जावई ओझरच्या कारखान्यात विमाने जोडतात, पण गुलाबाचे कलम उलटे लावतात. सबब त्यांनी मळ्यात फक्त चहा प्यावा. चांगुणाला मळा विकायचा झाल्यास तिने खुशाल विकावा. घेणाऱ्याने मात्र तिथे जे बांधायचे ते स्वतःच्या पैशाने बांधावे.

कलम २. मळ्याचा रस्त्याकडचा तुकडा माझा धाकटा भाऊ वाल्मीक काळू मौले याला द्यावा. आमची सात वर्षे बोलाचाल नव्हती, म्हणून खुलासा करणे भाग आहे.

आई गेली तेव्हा वाल्मीक रांगत होता. त्याला मी कडेवर घेऊन फुले तोडली. मोठेपणी तो गवंड्यांच्या हाताखाली शिकला, मग घरे बांधू लागला, आणि १९७९ साली त्याने बंगल्यांची 'नंदनवन' कॉलनी काढली. पायाभरणीचे हार माझेच होते. महिन्याभराने तो पेढे घेऊन आला.

"अक्का, नगरपालिकेची सुधारणा समिती कॉलनीला रस्ता करून देणार, पाण्याची लाईन देणार, वर बांधकामाला अनुदान."

"बंगले कोणाचे?"

"माझे."

"विकून येईल तो पैसा?"

"तोही माझाच."

"मग अनुदान कोणाच्या पैशाचं?"

"सरकारचं गं. शहर वाढायला नको का?"

आमच्या मागच्या बौद्धवस्तीत तेव्हा सगळ्या गल्लीला मिळून एक नळ होता. तिथले पुंजाराम पगारे गुरुजी दरसाल दुसऱ्या नळासाठी अर्ज करीत आणि समिती दरसाल निधी नाही म्हणे. मी वाल्मीकला म्हटले, "बांध बाबा, दहा मजले बांध. पण आपल्या खिशातून."

"तू फुलं विक अक्का. शहराचं तुला काय कळतं," असे म्हणून तो गेला. पेढे राहिले. ते मी खाल्ले.

पुढे समितीची नोटीस लागली. 'शहराच्या शोभेत व सोयीत भर घालणाऱ्या खासगी बांधकामास' अनुदान मिळेल, अर्ज करावेत. गुरुजींनी ती चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाले, "गोजराबाई, यात बंगला असा शब्दच नाही."

पहिला अर्ज माझा. विषय: कोंबड्यांचे खुराडे. अंडी ही सोय, कोंबडा ही शोभा. फुलबाजारात हे कळले मात्र, सगळ्यांना बांधकामाची हौस आली. शेजारच्या कुसाबाईला दुकानावर पत्रा हवा होता, चहावाल्याला ओटा, न्हाव्याला आरशासाठी भिंत. वस्तीतून घरटी एक न्हाणीघर. देवळ्याहून कांदा विकायला आलेल्या एका गृहस्थानेही कांदा साठवायच्या चाळीसाठी अर्ज ठोकला. तो गावाबाहेरचा म्हणून फेटाळला, तरी तो बैठकीला आलाच.

बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्षांनी माझा अर्ज उचलला.

"बाई, तुमच्या खुराड्याला लोकांचा पैसा का द्यावा?"

"देऊच नये साहेब. कोंबडी माझी, अंडं माझं, मग खुराडंही मीच बांधायला हवं."

"मग अर्ज कशाला केला?"

"बंगल्याच्या अर्जाशेजारी ठेवल्यावर तो कसा दिसतो, ते बघायचं होतं."

मागून कोणीतरी कोंबड्यासारखे आरवले. माझा संशय देवळ्याच्या गृहस्थावर आहे. अध्यक्षांना हसू आवरेना, त्यांनी तोंडापुढे फाईल धरली. दिले तर सगळ्यांना द्यावे लागणार, म्हणून अनुदान कोणालाच मिळाले नाही, आणि कॉलनीसाठी राखून ठेवलेली पाण्याची लाईन आधी गुरुजींच्या गल्लीत गेली. मी घरी येईपर्यंत हसत होते. रिक्षावाला म्हणाला, "आजी, लॉटरी लागली काय?" मी हो म्हटले.

वाल्मीकने कर्ज काढून कॉलनी बांधली, बंगले कमी पण पक्के. माझ्या दारावरून जाताना मान मात्र फिरवी. त्या रागात मी त्याला आधीच्या मृत्युपत्रात माझ्या खर्चाने बांधलेले ते खुराडे ठेवले होते, 'विनाअनुदान' असा शेरा मारून. परवाच्या भाऊबीजेला तो दारात उभा राहिला. म्हणाला, "लोकं विचारतात, कोणाच्या मेहेरबानीवर उभं केलंस? मी सांगतो, कोणाच्याच नाही. हे सांगताना बरं वाटतं अक्का." मी ताट घेऊन आले. ओवाळताना मला हसू फुटले, मग त्यालाही. निरांजन दोनदा विझले.

कलम ३. माझा तराजू कुसाबाईला द्यावा. तो खोटा आहे असे ती वीस वर्षे म्हणते आहे. आता तिने स्वतः वापरून पाहावा.

कलम ४. पोस्टातील बचत वस्तीच्या वाचनालयाला द्यावी. खासगी पैसा सार्वजनिक कामाला लागण्यास माझी कधीच हरकत नव्हती. हरकत उलट्या दिशेला होती.

कलम ५. माझ्या अंत्ययात्रेची फुले मळ्यातलीच घ्यावीत. त्या दिवशी कुसाबाई भाव वाढवील.

दुरुस्ती. सह्यांच्या वेळी वकील म्हणाले की, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष न केलेली बरी. वाल्मीक तोवर पेनाचे टोपण काढून बसला होता. मी विचारले, "तुकडा हवा की सही?"

तो म्हणाला, "तुकडा चांगुणाला दे. फुकटच्या जागेवर मला आता बांधता यायचं नाही."

सबब कलम २ मधील देणगी रद्द, खुलासा कायम. वकिलांना हे नियमाबाहेरचे वाटते. मला वाटत नाही.

वाचून, समजून आणि डोळे पुसून सही केली.

गोजराबाई लहानू तिडके

साक्षीदार:
१. पुंजाराम पगारे, शिक्षक
२. वाल्मीक काळू मौले, भाऊ, यात काहीही न मिळालेला

नाशिक, ९ नोव्हेंबर १९८६