फेसाचा आळ

चि. सौ. सूनबाईस,

सासूचा आशीर्वाद. तू आणि नात माहेरी खुशाल असालच. माझ्यापासून लांब आहात, म्हणजे तब्येती सुधारल्याच असणार. मी सांगतेय आणि तुझा नवरा लिहितोय. (अक्षर जिथे वाकडं दिसेल तिथे समज, त्याच्याबद्दलच काहीतरी सांगितलंय.)

ज्या फेसावरून तू घर सोडलंस, त्याचं पुढे काय झालं ते ऐक. मी लघवीला जाऊन आले की संडासात फेस. मला वाटायचं, सूनबाई साबण टाकते आणि पाणी ओतायला हिचा हात जड. तू बिचारी घासघास घासायचीस आणि मी दारात उभी राहून ‘अजून आहे, अजून आहे’ करायची. शेवटी ‘माहेरी हेच शिकवलं का?’ म्हणाले, आणि तू ब्रश ठेवून बॅग उचललीस. तू गेलीस, साबण संपला, नवा कुणी आणला नाही, आणि फेस मात्र जागच्या जागी! तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यातून ते सुजलेलंही होतं, म्हणून याने दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, हा साबण नव्हे, तुमच्या किडनीतून प्रथिनं गळताहेत. माझा जुना आमवात आहे ना, त्यात अंगातले पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून बडवतात म्हणे. इतकी वर्षं सांधे बडवले, आता किडनी धरली. आमवातात ती अशी बिघडणं विरळा, म्हणून पाठीत सुई घालून तपासायला तिचा तुकडा काढला आणि शिकाऊ डॉक्टरांचा घोळका मला बघायला आला. (तरुणपणी कुणी वळून पाहिलं नाही, किडनीने नाव काढलं.) पण ते पहारेकऱ्यांचं ऐकल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाटलं, म्हातारी सुईला भ्याली. मला तुझे घासून लाल झालेले हात दिसत होते गं.

आता औषधं चालू आहेत, मीठ बंद. तुझ्या नवऱ्याच्या स्वयंपाकाचं फावलंय. बेचव झाला की दोष डॉक्टरीणबाईंचा.

तुझी सासू

ता. क. माझ्या दुखण्यासाठी म्हणून मुळीच येऊ नकोस.

आणखी ता. क. फेस वाढला तर लगेच या, असं बाईंनी बजावलंय. पण आता संडास तुझा नवरा धुतो. नवा साबण आणलाय, तो अर्धा आत, अर्धा विजारीवर, आणि पाणी ओतायचं नाव नाही. रोज फेसच फेस! त्यातला दुखण्याचा कुठला आणि याचा कुठला, मी काय ओळखणार? तू धुतल्यावर जो फेस दिसायचा, तो माझाच असायचा. एवढं साधं मला तेव्हा कळलं नाही. ये बाई.