गाडीचा खांदा

बाबा, तुमच्या गाडीला क्लच कोणता बसवायचा, हे मला काही केल्या समजत नाहीये. विचारायला दुसरं कोणी नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसले. एरवी माणूस जाऊन इतकी वर्षं झाल्यावर त्याला क्लचचं विचारणाऱ्या बाईला लोक वेडीच म्हणतील. तुमच्या वेळी बरं होतं. दुकानदार एक प्लेट काढून द्यायचा, ती बसवायची, विषय संपला. आता मोबाईलवर बघावं तर ‘परफॉर्मन्स क्लच’ नावाचं वेगळंच जग आहे. साधी प्लेट, जाड प्लेट, तांबूस बटणांची प्लेट, आणि वर तिला दाबून धरणारं कव्हर हलकं घ्यायचं की भारी, तो आणखी एक घोळ. सांगणारे सगळे शर्यतीच्या गाड्या पळवणारे. भीमपूरकडून आदिलाबादच्या बाजारात रोज वांगी-मेथी नेणाऱ्या म्हाताऱ्या अँबॅसिडरला काय मानवेल, ते त्यातला एकही सांगत नाही. ऐकून ऐकून आधी जे थोडंफार समजत होतं तेही गेलं.

हो, गाडी चालू आहे. तुम्ही गेल्यावर ती बरीच वर्षं पत्र्याखाली विटांवर उभी होती. मग मीच तिचं इंजिन खोलून नव्यानं बांधून घेतलं आणि बाजाराला तीच काढायला लागले. मागची सीट तुम्ही काढली होती, ती अजून काढलेलीच आहे. मागे टोपल्या, पुढे माझ्या शेजारी आई. लोक हसतात, हसू देत. पण इंजिन बांधल्यापासून दरवर्षी एकच रडगाणं. पावसाळा सरत आला की क्लच घसरायला लागतो. सकाळी गाडी थंड असते तोवर अगदी गुणाची. तापली की गावाबाहेरच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी गोगलगाय होते. प्लेट बदलायची, वर्ष काढायचं, पुन्हा पोळा झाला की तेच. घोडं कुठं पेंड खातंय ते कळायलाच मार्ग नव्हता.

मला वाटायचं, दोष माझ्या पायाचा. तुम्ही मला गाडी शिकवत होता तेव्हा एकाच गोष्टीवरून ओरडायचात. “पाय काऊन ठेवून राह्यली वं क्लचवर? ते का पायदान होये?” एकदा तर तुम्ही माझी डावी चप्पल काढून खिडकीतून बाहेर टाकलीत, म्हणजे अनवाणी पायाला पेडल टोचेल आणि मी पाय उचलेन. चप्पल शोधायला मग तुम्हीच कपाशीत शिरलात, तो भाग वेगळा. तेव्हापासून डावा पाय मी सोवळ्यात ठेवल्यासारखा बाजूला ठेवते. तरी क्लच घसरतच होता. यंदा पहिल्यांदाच गाठलेल्या, आदिलाबादजवळच्या मावला गावातल्या गॅरेजवाल्यानंही पायावरच बोट ठेवलं, आणि मी खालमानेनं ऐकून घेतलं. तो म्हणाला, “अक्का, इस बार तगडी वाली डालो. परफॉर्मन्स वाली. फिर देखो.” मला तेही पटलं. दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून पटलं.

मागच्या पोळ्यापासून घसरणारी प्लेट मी वर्षभर तशीच ओढली होती; यंदाचा पोळा जवळ आला तेव्हा त्यानं गिअरबॉक्स खाली उतरवला. मी बाहेर स्टुलावर बसून मोबाईलवर बटणांच्या प्लेटा बघत होते. तो आला तो आपलं बोट नाकाशी धरून. पुन्हा हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “अक्का, इसमें घी किसने डाला?” मला वाटलं, थट्टा करतोय. मग ते बोट त्यानं माझ्यापुढे केलं. काळं, चिकट, आणि वास मात्र आपल्या स्वयंपाकघरातला. कढवलेलं तूप आणि हळद. बाबा, त्या वासासरशी मी त्या गॅरेजमधून उठून थेट आपल्या अंगणात जाऊन पोहोचले.

पोळ्याच्या आदली संध्याकाळ आहे. घरोघर बैलांचे खांदे शेकताहेत, पळसाच्या पानानं तूप-हळद लावताहेत. आपल्याकडे बैल नाहीत. जोडी म्हातारी होऊन गेली आणि तुम्ही शेत बटाईनं देऊन, तेवढा भाजीचा तुकडा ठेवून, एका रिटायर साहेबाकडून ही गाडी घेतलीत. पण जू ओढते ती गाडी, म्हणजे तिचाही खांदा शेकायलाच हवा, हा तुमचा हिशोब. खांदा नेमका कोणता, हे तुम्ही शहरातल्या मेकॅनिकलाच विचारून आलात. “गाडीचं जू कोठी असते, भाऊ?” इंजिनाचा जोर चाकाकडे जातो तो इथून, असं म्हणून त्यानं क्लचचं घर दाखवलं. झालं. मी दारात उभी आहे. तुम्ही पायाखालची चटई उचलता, खालचं पत्र्याचं झाकण काढता, गुडघ्यावर बसता. हातात वाटी आणि पळसाचं पान. आणि अगदी गंभीरपणे गाडीला म्हणता, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मी फिदीफिदी हसते, आणि आई माझ्या पाठीत धपाटा घालते.

हे सगळं मी विसरले होते. आई नव्हती विसरली. पोळ्याला ती बॉनेटला हळद-तूप लावते, एवढंच मला ठाऊक होतं. घरी आले तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी विचारलं, “आई, गाडीच्या आत तूप कोण टाकते वं?”

“कोण म्हंजे? मीच टाकतो. वाटीभर.” तिनं भाकरी उलटली. “गाडी इटावर उभी होती तवाबी टाकत होतो. तुया बाबानं जाता जाता एवढंच तं सांगतलं मले. तिचा खांदा कोरडा ठेवू नको म्हणे. बाकी कायी नाही सांगतलं. ना शेताचं, ना तुयं.” मग एकदम माझ्याकडे वळून, काळजीनं, “काऊन वं? कमी पडलं का?”

वाटेत सगळं ठरवून आले होते. तूप थिजलेलं असतं, इंजिन तापलं की वितळतं, क्लचच्या घरावरच्या फाटक्या रबरी टोपीतून प्लेटवर जातं आणि प्लेट घसरते, हे समजावून सांगायचं, रागवायचं नाही. पण तुमच्या शेवटच्या शब्दांतले तिच्या वाट्याला आलेले तेवढेच, आणि त्यानं गाडी बिघडते हे तिला सांगायचं, हे माझ्या तोंडून निघेना. “नाही, पुरलं,” म्हटलं आणि ताटावर बसले. भाकरीवर तिनं तूप वाढलं, ते मी ताटाच्या कडेला पुसून ठेवलं.

आता माझा गोंधळ सांगते. गॅरेजवाला म्हणतो, बटणांची प्लेट घ्या, ती तेला-तुपाला सहजी दाद देत नाही. पण ती धरते ती एकदम. त्यानं तशी प्लेट बसवलेली एक जीप मला चालवायला दिली. पेडल दाबताना मांडी भरून आली, आणि सोडलं तर गाडीनं असा हिसका दिला की माझे दातच आपटले. शेजारी आई कमरेला पट्टा बांधून बसते, बाबा. साध्या खड्ड्याला ती “माय वं” म्हणते. म्हणजे आईचं तूप सोसणारी प्लेट आईची कंबर मोडणार, आणि आईच्या कमरेला बरी ती प्लेट आईच्याच तुपानं जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि आईला गाडीतून उतरव म्हणाल तर ती उतरणार नाही. बाजारात गिऱ्हाईक तिच्याशीच बोलतं, माझ्याशी नाही.

शिवाय एक प्रश्न मला झोपू देत नाही. तुमच्या वेळीही क्लच घसरायचा. मला आठवतं, दसऱ्याच्या आगेमागे तुम्ही एकटेच गाडी घेऊन आदिलाबादला जायचात आणि काळ्या हातांनी, गरम भजी घेऊन परत यायचात. आई विचारायची, काय झालं होतं गाडीला? तुम्ही म्हणायचात, “कायी नाही वं. चढच वाढून राह्यला.” आम्ही हसायचो. पण ती प्लेट काढणाऱ्याला नाक नव्हतं का? त्यानं तुम्हाला बोट दाखवलं नसेल का? आणि दाखवलं असेल, तर पुढच्या पोळ्याला तुम्ही पुन्हा वाटी घेऊन गुडघ्यावर कसे बसलात? तुम्हाला माहीत होतं का, बाबा? की माहीत नव्हतं म्हणूनच आईला सांगून गेलात? दोन्हीपैकी एक धरते आणि लगेच दुसरं खरं वाटायला लागतं.

इथवर लिहून कागद तसाच राहिला होता. शेवटी साधीच प्लेट बसवली, आईच्या कमरेकडे बघून. आणि फाटकं रबर काढून नवं घट्ट रबर बसवलं. गॅरेजवाला खूश होऊन म्हणाला, “अब एक बूंद नहीं जाएगी.” मीही खूश झाले. आई आपलं तूप टाकेल, गाडी आपली चालेल, कोणाला काही सांगायला नको.

काल खांदशेकणी झाली. आईला आता वाकता येत नाही, म्हणून चटई मी उचलली, झाकण मी काढलं. तिनं सीटला धरून कसाबसा हात खाली नेला आणि पळसाच्या पानावरून तूप सोडलं. ते नव्या रबरावर पडलं आणि तिथंच राहिलं. तिला ते दिसत नव्हतं. “गेलं का आत?” तिनं विचारलं. मी म्हटलं, गेलं. मग ती आवतन म्हणाली. “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” बॉनेटला हळद लावताना असतो तो हा आवाज नव्हता. आमच्या लहानपणी तुम्हाला शेतातून जेवायला हाक मारायची, तो होता. मला एकदम रडू आलं.

आज पोळा आहे. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येतोय आणि मी हे पुढचं लिहून राहिले. हा कागद कुठे टाकायचा नाही, चटईखाली ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. काल आई घरात गेल्यावर मी गुडघ्यावर बसले, त्या नव्या रबराची कड नखानं उचलली आणि साचलेलं सगळं तूप बोटानं आत सारलं. दसऱ्यापर्यंत क्लच घसरायला लागेल. आईनं विचारलं तर सांगेन, चढच वाढून राह्यला.