माफीवर वाजलेलं टूं

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? चष्म्याचा नंबर वाढला नाही ना? (वाढला असेल तर दोष आमच्या चॅनेलचा. पडद्याखालच्या पट्टीतली अक्षरं दिवसेंदिवस बारीक होताहेत, कारण खऱ्या बातम्या तिथे टाकतात.) इकडे सगळे मजेत. आणि आत्या, बाकीचं राहू दे, आधी हे ऐक: जिंकलो! तुझा भाचा जिंकला!

माझी नोकरी तुला ठाऊक आहेच. चर्चेत कुणाच्या तोंडून शिवी निघाली की लाल बटण दाबून त्यावर ‘टूंऽऽ’ वाजवायचं. (बाबा लोकांना अजून ‘इंजिनिअर आहे’ असंच सांगतात. सांगू देत बिचारे.) आमचा सभ्यता विभाग म्हणजे मी, एक डुगडुगणारी खुर्ची आणि ते बटण. शिव्या झाकायला माणूस ठेवलात, मग थापा झाकायला का नाही, असं मी एकदा साहेबांना विचारलं, तर म्हणाले, मग बातम्यांत उरेल काय?

तर झालं काय, मागच्या महिन्यात आम्ही ‘पावात लाकडाचा भुसा’ ही बातमी दणक्यात दिली. भुसा सापडला होता भलत्याच बेकरीत, आणि घाईघाईत फोटो लावला माझ्या बसस्टॉपसमोरच्या बेकरीवाल्या बाईंच्या दुकानाचा. दिवसभर तोच! बाईंकडे कुत्रं फिरकेना. भट्टी थंड, काचेचं कपाट रिकामं. एका सकाळी मी पाव मागितला तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “तुम्ही तरी कशाला घेताय? तुमच्याच चॅनेलनं सांगितलंय ना?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका संताप आला, की पाव तिथेच विसरून मी तडक ऑफिस गाठलं.

साहेबांच्या डोक्यावर बसलो तेव्हा कुठे ते माफीला तयार झाले. पण कशी माफी? हवामान संपल्यावर, जाहिरात लागायच्या आत आमची तोफ (म्हणजे नऊच्या बातम्यांची निवेदिका, एरवी तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो) तोंडातल्या तोंडात पुटपुटणार. एका दमात माफी, लगेच साबण. कुणाच्या बापाला कळणार होतं?

म्हणून मी बटण दाबलं. अख्ख्या माफीवर! टूंऽऽऽऽ!

घरोघरी लोक ताडकन उठून बसले. तोफेनं शिवी दिली? कुणाला? एवढी मोठी? ऑफिसातले फोन बोंबलायला लागले. ज्यांनी माफी ऐकायला मानसुद्धा वर केली नसती, ते त्या टूंच्या आत काय होतं यावर पैजा लावत बसले. शेवटी नाइलाजानं साहेबांना जाहीर करावं लागलं, की उद्या नऊला तेच वाक्य न झाकता ऐकवू. मग काय विचारतेस! सगळं शहर टीव्हीला चिकटलेलं. पडद्यावर बाईंची बेकरी, पुढे तोफ, आणि ती खणखणीत आवाजात, सावकाश बोलली, की भुसा या बेकरीत नव्हता, चूक आमची, आम्ही माफी मागतो. लोकांनी शिवीसाठी कान टवकारले आणि हाती आली माफी. मी खुर्चीवर चढून नाचलो. (खुर्ची मोडली. जाऊ दे.)

आज बेकरीपुढे ही रांग! बाईंना मान वर करायला फुरसत नव्हती. मी मुद्दाम मधे घुसायला गेलो तर खेकसल्या, रांगेत या! काय आनंद झाला म्हणून सांगू, आत्या.

तुझाच,
टूंवाला

ता. क. माझी चौकशी लागली आहे. ‘बोट सवयीनं पडलं’ असं मी सांगितलंय. घरी कुणी विचारलं तर तूही तेच सांग.

आणखी एक ता. क. चौकशी ज्या तक्रारीवरून लागली, तो रेकॉर्ड झालेला फोन आज सगळ्या ऑफिससमोर वाजवून दाखवला. ‘सभ्य माणसांनी जेवायचं की नाही?’ असा सुरू होतो. आवाज मी पहिल्या खोकल्यालाच ओळखला. आत्या, तेवढा पुन्हा फोन करून गैरसमज झाला, माफ करा म्हण ना गं. आणि पुटपुटू नकोस. तक्रार ज्या आवाजात केलीस, त्याच आवाजात म्हण.