दहापैकी दोन

शनिवार, १४ मार्च. सकाळी ९.५०
इमर्जन्सी रूम. आईला अमेरिकेत, फ्रिस्कोला आमच्याकडे येऊन तीनच आठवडे झाले आणि आज गराजच्या पायरीवरून पडली. उजवा खुबा. सावनी ऑफिसच्या कामाने शिकागोला. फोनवर म्हणाली, आधी मराठी बोलणारा इंटरप्रिटर माग. बायकोला माझ्यावर विश्वास म्हणून नाही. नर्स डेनिसनेही तेच विचारलं. म्हटलं, गरज नाही, मी मुलगा आहे. सिच्युएशन कंट्रोलमध्ये.

१०.२०
डेनिसने विचारलं, शून्य ते दहा, दुखणं किती? आई म्हणाली, थोडंसं. थोडंसं म्हणजे दोन. 'टू' सांगितलं. टायलेनॉलची साधी गोळी मिळाली.

११.०५
एक्स-रे. टेबलावर सरकवताना आईने माझा हात इतका घट्ट धरला की बोटात अंगठी रुतली. या वयात काय ग्रिप आहे! खुबा मोडलाय. ऑपरेशन उद्या.

११.३०
डॉक्टर म्हणाले, थोडं फेंटानिल देऊ. फेंटानिल! मी बातम्या वाचतो, त्याच्या नशेत माणसं मरतात. ठणकावून नाही म्हटलं. ते म्हणाले, अगदी छोटा डोस, आम्ही लक्ष ठेवू. म्हटलं, माझ्या आईची सहनशक्ती तुम्हाला माहीत नाही, आम्ही दीर्घश्वसन करू. आईला म्हटलं, चार मोजून श्वास घे. दोनवरच थांबली. प्रॅक्टिस नाही.

१२.१०
आईच्या कपाळावर घाम. खोलीच गरम आहे. विचारलं, काही हवंय का? म्हणाली, तू काही खाल्लंस का रे? म्हणजे बरी आहे.
टाइप करताना प्रत्येक शब्द चुकतोय. कॉफी जास्त झाली.

१२.४०
बीपी १९०. मशीन खराब असणार. दुसरं आणायला लावलं. १९४. आई भिंतीकडे बघतेय, ओठ दातांत धरून. देवा, काहीतरी कर. सावनीला तीनदा फोन केला. म्हणाली, गुरू, आता तरी बाजूला हो. कसा होऊ? इथे तिचं दुसरं आहे कोण?

१.०५
डेनिसने मला न विचारता टॅबलेट आणला. स्क्रीनवर मीनाक्षी नावाच्या इंटरप्रिटर बाई. डेनिस मला म्हणाली, जरा पाय मोकळे करून या. पडद्याबाहेर उभा राहिलो.
बाई म्हणाल्या, काकू, खरंखरं सांगा, किती दुखतंय?
आई म्हणाली, नऊ. पडल्यापासून नऊच. पण गुरूला सांगू नका. लहानपणापासून घाबरट आहे तो. रडायला लागला तर आज मला उठून त्याची समजूत काढता यायची नाही.

१.५०
डॉक्टरांनी आईलाच विचारलं. ती हो म्हणाली. आधी फेंटानिल, मग खुबा बधिर करायचं इंजेक्शन. वीस मिनिटांत कपाळावरच्या आठ्या गेल्या. बीपी १४०. मी बाथरूममध्ये जाऊन आलो. डोळ्यांत सॅनिटायझर गेलं होतं.

रविवार, १५ मार्च. दुपारी ३.००
ऑपरेशन नीट झालं. आई शुद्धीवर आली. आज चूक करायची नाही असं ठरवूनच वाकलो आणि अगदी हळू विचारलं, आई, किती दुखतंय?
तिने माझ्याकडे पाहिलं, मग वॉर्डातल्या नर्सकडे. आणि अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच इंग्रजीत बोलली.
हवेत बोटाने चौकोनी स्क्रीन काढत म्हणाली, टॅबलेट, प्लीज.