पांढऱ्या दोऱ्याची नळी

बाई, तुमचं घड्याळ माझ्याकडे आहे. तुम्हीच तुमच्या हाताने माझ्या मनगटावर बांधलंत, तेव्हा ते तुम्हाला माहीतच आहे. ते मला कसं मिळालं, हे मात्र तुम्हाला माहीत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता माझीही कंबर धरते. आज सकाळी रक्त न्यायला आलेल्या मुलीने माझ्या दंडाला पट्टा आवळला, आणि एकदम मिशनच्या इस्पितळाच्या मागची ती खोली आठवली, सशांच्या खुराड्याला लागून असलेली. दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

दुसरी मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. डॉक्टरसाहेबांनी मुंबईहून रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या आणल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी एक बाळंतीण आपल्या डोळ्यांदेखत गेली. पाय सुजून पांढराफटक पडलेला, दहाव्या दिवशी बरं वाटतंय म्हणून केस विंचरायला उठून बसली, आणि फणी हातात असतानाच गेली. पायातली गुठळी छातीत गेली, एवढंच तुम्ही आम्हाला सांगितलंत. म्हणून गोळ्या आल्यावर तुम्ही जिवाचं रान केलंत. गोळी कमी पडली तर गुठळी वाढणार, जास्त झाली तर रक्त कुठूनही वाहायला लागणार. रक्त तपासल्याशिवाय गोळी द्यायची नाही, हा तुमचा नियम.

ते तपासणं म्हणजे एक सोहळाच होता. पेशंटचं रक्त एका नळीत, आणि ताडून पाहायला धडधाकट माणसाचं दुसरीत. पेशंटच्या नळीला पांढरा दोरा, धडधाकटाच्या नळीला तांबडा. हाताने फिरवायच्या यंत्रात नळ्या गरागरा फिरवल्या की वर पिवळं पाणी यायचं. ते कोमट ठेवून त्यात सशाच्या मेंदूच्या भुकटीचं पाणी आणि चुन्याचं औषध घालायचं, आणि ते गोठून आत बुडवलेल्या तारेला धागा लागेपर्यंत सेकंद मोजायचे. धडधाकटाला चौदा-पंधरा लागत, गोळी नीट लागू पडलेल्याला त्याच्या दुप्पट. आम्ही दोघी तुमच्या हाताखाली नर्सिंग शिकत होतो. ती कोल्हारची, शेतकऱ्याची लेक. मी नगरची, मास्तरांची मुलगी. माझं इंग्रजी तिच्यापेक्षा चांगलं, अक्षर चांगलं, आणि घड्याळ तुम्ही दिलंत तिला! मला दिलेत ससे. त्यांचा घास मी आणायचा, घाण मी काढायची, आणि वर धडधाकट माणूस म्हणून रक्तही माझंच. दंड माझा आणि घड्याळ तिचं. ती हात वर करून काट्याकडे बघायची तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा धीर करून विचारलं, मला कधी मोजायला देणार? तुम्ही वर न बघताच म्हणालात, "तुझी नजर काट्यावर ठरत नाही. माणसांवर फिरत राहते."

मग ती पहिलटकरीण आली. डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला, शेजारी पाळण्यात आठ दिवसांचा मुलगा. सुरुवातीला रोज, मग एक दिवसाआड तपासून तुम्ही तिला गोळीवर छान बसवलंत. सूज उतरायला लागली होती. तोवर तिची आई जवळ असायची. त्या दिवशी गावाहून पहिल्यांदा सासू आलेली. कोल्हारची रक्त काढून नळीला पांढरा दोरा बांधते आहे, मी बाही वर करून माझ्या पाळीची वाट बघत उभी. सासू पुढे येऊन म्हणते, "पांडरा दोरा नगं गं बाई. माझी सून सवाशीन हाय. तांबडा बांध." मला हसू आलं. तिला नाही आलं. ती त्यांच्यातलीच, तिला ते पोचलं. तिने दोरा सोडला, तांबडा बांधला, आणि पांढरा माझ्या नळीला. "बाईंना सांगते लगेच," मला म्हणाली. पण खोलीत गेलो तर तुम्ही घाईत. डॉक्टरसाहेबांना नगरला जायचं होतं, मोटार सुरू करून ठेवलेली. तुम्ही तिला यंत्र फिरवायला लावलंत, पाणी तापवायला लावलंत, ती धावपळीत विसरली.

मी विसरले नव्हते. तुम्ही तारेकडे बघत होतात, ती काट्याकडे, आणि मी पांढऱ्या दोऱ्याकडे. पंधरा सेकंदांत धागा लागला. "अगं, गोळी लागूच पडत नाहीये हिला," असं म्हणत तुम्ही घाबरलात. माझ्या जिभेवर आलं होतं, बाई, ते रक्त माझं आहे. खरंच आलं होतं. तेवढ्यात तिने तांबड्या दोऱ्याची दुसरी नळी पुढे केली आणि तुम्ही ती बाजूला सारलीत. "राहू दे. हिचं काय बघायचं? घोडीसारखी आहे ती, रोज तेच येतं." दोघी हसलात. मग मी तोंड मिटलं ते मिटलंच. म्हटलं, होऊ दे हिची चूक, कळू दे बाईंना. डॉक्टरसाहेबांनी दुप्पट गोळ्या लिहून दिल्या आणि गेले. संध्याकाळी तुम्ही त्या बाळंतिणीला दिल्यात तेव्हा मी पाण्याचा पेला धरून शेजारीच उभी होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिल्यात, तेव्हाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग नाकातून. उशी भिजली. दूध पीत असलेलं पोर काढून घ्यावं लागलं. तेव्हा कुठे, आत्ताच आठवल्यासारखं करून, मी म्हणाले, "बाई, परवा दोरे उलटे तर नव्हते ना लागले?" तुम्ही कोल्हारचीकडे वळलात. ती पांढरी पडली. "व्हय बाई. दोरा मीच बदलला हुता. सांगायचं राहिलं." एवढंच. मग माझ्याकडे बघितलं तिने. मी तिथेच उभी होते हे तिला ठाऊक होतं, पण एक अक्षर बोलली नाही. 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, बाळंतिणीच्या भावाचं ताजं रक्त, तुम्ही दोन दिवस खाटेजवळून हलला नाहीत. बाळंतीण वाचली, म्हणून आज हे लिहिण्याचं तोंड तरी आहे मला. डॉक्टरसाहेबांपुढे तुम्ही म्हणालात, दुसरी नळी मी पाहिली नाही, चूक माझी. खरंच होतं ते. पण घड्याळ तिच्या हातावरून काढून माझ्या मनगटावर बांधलंत आणि म्हणालात, "नजर फिरते म्हणून तुला बोलले होते. ते मागे घेते." तुमच्या तोंडून कौतुक ऐकलं ते तेवढंच.

तुमच्या शेवटच्या आजारपणात सगळं मीच केलं. आंघोळ घातली, पेज भरवली. आणि तुम्ही रोज विचारायचात, "कोल्हारची आली का गं?" इतका राग यायचा! घड्याळ मिळालं, पण तुम्ही तिच्याच राहिलात. मी तिला निरोप धाडला नव्हता. दोन दिवसांनी पाठवते म्हणत राहिले आणि तुम्ही गेलात.

दफनाला ती आली. मोठ्याने रडली, मला तेवढंही जमलं नाही. मग डोळे पुसून माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाईंचं घड्याळ चालतं का गं अजून? एकदा बघू दे मला." मी हात पदराखाली घेतला आणि सांगितलं, ते कधीच बंद पडलं, घरी पेटीत आहे. ती बरं म्हणाली आणि गेली. ती पण मागच्या वर्षी गेली. पत्र पाठवायला आता तिचा पत्ताही उरला नाही.

बाई, घड्याळ पदराखाली होतं. चालू होतं.